खेळासोबत मुलांची वहीही पाठवा : गणित शिक्षकांच्या समूहांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांच्या गणित समूहांचे सर्व ॲडमिन आणि सदस्य

विषय : समूहांवरून पाठवल्या जाणाऱ्या गणिती खेळांसोबत वर्गातील अनुभवही पाठवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी या चारही वर्गांचे गणित माझ्याकडे आहे. माझ्या फोनमध्ये आज गणित आणि शैक्षणिक साहित्य यांना वाहिलेले अकरा समूह आहेत, आणि माझ्या वर्गात खेळल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गणिती खेळाचा उगम त्यांपैकी कुठल्या तरी समूहात आहे. दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची गणितमाळ मी प्रथम एका सहकाऱ्याने टाकलेल्या छायाचित्रात पाहिली. दुकान-दुकान खेळण्यासाठी लागणाऱ्या नोटांची पीडीएफ मला लातूरकडच्या एका बाईंनी पाठवली. चिंचोके मधोमध फोडून त्यांचा फाशासारखा उपयोग करायचा, ही युक्ती माझ्या आजीला चल्लस-आठ खेळताना ठाऊक होती, पण वर्गात वापरण्यासाठी ती मला एका चित्रफितीतून परत मिळाली. आमच्यासारख्या शाळेत शेजारच्या खोलीत दुसरा गणित शिक्षक नसतो. तिथे माझे सहकारी सर दोन वर्ग एकत्र बसवून मराठी शिकवत असतात. ‘उद्या वजाबाकी कशी घेऊ?’ हा प्रश्न रात्री नऊ वाजता विचारायचा कुणाला, याचे उत्तर मला या समूहांनी दिले आहे, आणि ते ऋण मान्य करूनच हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आपण खेळ पाठवतो, पण त्या खेळाने मुलांचे काय झाले ते पाठवत नाही. पुठ्ठ्याचा सुंदर पट येतो, रंगीत फासे येतात, गोलाकार बसलेल्या मुलांचे छायाचित्र येते, त्याखाली ‘अतिशय सुंदर उपक्रम’ अशा पंचवीस-तीस प्रतिक्रिया येतात. खेळाचे नियम कधी अर्धे असतात, कधी नसतातच. खेळ कोणत्या संबोधासाठी आहे, कोणत्या मुलाला तो अवघड गेला, कुठे फसला आणि फसल्यावर त्या शिक्षकाने काय बदलले, याविषयी तर मला आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच संदेश वाचायला मिळाले आहेत. साहित्य प्रवास करते आणि त्यामागचा विचार मागे राहतो. गणिताच्या बाबतीत हे नुकसान फार मोठे आहे, कारण गणिती खेळाचे सगळे मर्म बहुधा एखाद्या बारीक नियमात असते आणि तो नियम छायाचित्रात दिसत नाही.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण एका प्रयोगाचे आहे. अमेरिकेतील रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात गरीब वस्त्यांतील बालवाडीची मुले होती. काही मुलांना एका सरळ ओळीत आखलेला, १ ते १० अंकांचा पट खेळायला दिला. इतर मुलांना तसाच पट दिला, फक्त त्यात अंकांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांच्या काळात पंधरा-वीस मिनिटांच्या अवघ्या चार बैठका झाल्या. अंकांचा पट खेळलेल्या मुलांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की हाच पट गोलाकार केला तर तो सरळ पटाइतका उपयोगी पडत नाही. याहून बारीक गोष्ट मोजण्याची होती. सोंगटी ३ वर असताना दोनचे दान पडले, तर मुलाने पुढची दोन घरे ओलांडताना ‘चार, पाच’ म्हणायचे होते. तिथे ‘एक, दोन’ म्हणत सोंगटी सरकवणाऱ्या मुलांना तसा फायदा होत नाही, हेही नंतरच्या अभ्यासात आढळले.

आता हा खेळ आपल्या समूहावर कसा आला असता, याची कल्पना करा. फरशीवर खडूने आखलेली दहा घरे, त्यांवर उड्या मारणारी मुले आणि खाली ‘आनंददायी अध्ययन’ असे दोन शब्द. तो पाहून दुसऱ्या तालुक्यातील शिक्षक जागा अपुरी पडते म्हणून घरे गोलात आखतील, तिसरे शिक्षक शोभेसाठी अंकांच्या जागी रंग भरतील आणि मुले सगळीकडे ‘एक, दोन’ म्हणतच उड्या मारतील. खेळ सर्व जिल्ह्यांत पोहोचेल, मुले मनापासून हसतील आणि ज्या कारणासाठी तो खेळ होता ते कारण पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडलेले असेल. मी स्वतः कितीतरी वर्षे मुलांना सापशिडी खेळताना ‘एक, दोन, तीन’ असेच मोजू देत होते. सोंगटी २४ वर असेल आणि चार पडले तर ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’ म्हणायचे, एवढा एकच नियम बदलल्यावर दुसरीच्या वर्गात जो फरक पडला, तो त्याआधी जमवलेल्या कोणत्याही रंगीत साहित्याने पडला नव्हता.

सापशिडीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगते. नेहमीच्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि अशी ती नागमोडी वर चढते. त्यामुळे त्या पटावर २८ च्या नेमके वर ३३ येतात. ‘दहा मिळवले की एक घर वर’ हे मुलांना शिकवायचे असेल तर हा पट निरुपयोगीच नव्हे, गोंधळात टाकणारा आहे. त्यासाठी प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा शंभराचा तक्ता हवा, ज्यात २८ च्या लगतच्या ओळीत ३८ येतात. समूहावर मात्र दोन्ही पट ‘संख्याज्ञानासाठी उपयुक्त’ याच एका ओळीखाली फिरत असतात. हे पाठवणाऱ्यांचा मी दोष मानत नाही. त्यांनी आपल्या वर्गात काय घडले ते आठवून दोन वाक्ये लिहिली असती तर हा फरक त्यांच्याच प्रथम लक्षात आला असता.

बाहेरच्या जगातून आलेल्या खेळांचा प्रश्न याहून वेगळा आहे. आपल्यापैकी अनेक जण यूट्यूब आणि पिंटरेस्टवरून इंग्रजी खेळ शोधून समूहावर ठेवतात, आणि त्यांतील बरेच खेळ उत्तमही असतात. पण संख्या उच्चारण्याची इंग्रजीची रीत वेगळी आणि मराठीची वेगळी. दशकाच्या लांब कार्डावर एककाचे आखूड कार्ड ठेवून संख्या तयार करण्याचा खेळ घ्या. इंग्रजी बोलणारे मूल २० चे कार्ड ठेवते, त्यावर ५ चे ठेवते आणि त्याच क्रमाने ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणते. हात आणि तोंड एकाच दिशेने चालतात. मराठी मूल २० वर ५ ठेवते आणि म्हणते ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. ज्या मुलाला आपण नुकतेच ‘ऐकले तसे लिही’ असे शिकवलेले असते, ते पंचवीस ऐकून ५२ लिहिते. त्यात भर म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी ‘एकोण’ची मालिका, जिच्यात बोलायचे तीस आणि लिहायचे दोन दशक. एकोणनव्वदपर्यंत ती चालते आणि शेवटी ‘नव्याण्णव’ला मोडते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ हे वाचन जोडीने आले तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणिताच्या समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची नेमकी हीच अडचण सांगून त्या बदलाची बाजू मांडली होती. त्या वादात कोण बरोबर होते हा आजचा विषय नाही. पण जी अडचण साऱ्या राज्याला चर्चेत घ्यावीशी वाटली, तिचा उल्लेख आपल्या समूहांवर संख्याकार्डांचा एखादा इंग्रजी खेळ पाठवताना कुणीच करत नाही. मी तो खेळ आता दोन पायऱ्यांत घेते. आधी मुले ‘वीस आणि पाच’ असे म्हणत कार्डे ठेवतात आणि मग त्या जोडीचे घरचे नाव सांगतात, ‘पंचवीस’. हा बदल मला कुणी शिकवला नाही. एका मुलीने सलग चार दिवस ५२ लिहिले, तेव्हा तो सुचला.

घोड्यांच्या शर्यतीचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. मुले एकेक घोडा निवडतात, दोन फासे टाकून बेरीज करतात आणि जी बेरीज येईल त्या क्रमांकाचा घोडा एक घर पुढे सरकतो. मला प्रथम मिळालेल्या चित्रात १ ते १२ असे बारा घोडे होते. काही महिन्यांनी तोच खेळ दुसऱ्या समूहावरून आला तेव्हा त्यात २ ते १२ असे अकराच घोडे होते. मधल्या कुणीतरी शिक्षकाने ‘एक ही बेरीज येऊच शकत नाही, मग हा घोडा चुकून राहिला असणार’ असा विचार करून तो सद्भावनेने पुसून टाकला असावा. माझ्या वर्गात त्या पहिल्या घोड्यावर एका मुलाने अगदी हट्टाने आपला दगड ठेवला होता आणि शर्यत संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. ‘हा का हलत नाही?’ या प्रश्नावरून चौथीच्या मुलांनी जी चर्चा सुरू केली, ती १२ चा घोडा एवढा मागे का पडतो आणि ७ चा नेहमी पुढे का असतो, इथपर्यंत स्वतःच पोहोचली. छत्तीस शक्यतांपैकी सहा वेळा सात येतात आणि एकदाच बारा येतात, हे त्यांनी फळ्यावर जोड्या मांडून काढले. ती चर्चा पेटवणारा घोडाच दुसऱ्या आवृत्तीत नव्हता. मूळ पाठवणाऱ्याने ‘१ चा घोडा मुद्दाम ठेवला आहे, मुलांना विचारू द्या’ एवढे लिहिले असते, तर तो वाचला असता.

आता ज्या खेळामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, त्याकडे येते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव आपल्या समूहांवर दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, हमखास निघते. १९३० ते १९६२ एवढी वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारा हा माणूस आपल्यातलाच होता. त्यांनी आपले संख्यांविषयीचे शोध छोट्या पुस्तिकांमधून, पुष्कळदा पदरमोड करून छापले, शाळाशाळांत जाऊन मुलांसमोर मांडले, आणि ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची कीर्ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे जगभर गेली. कोणतेही जाळे हाताशी नसताना त्यांनी एकट्याने जे केले, तेच काम आपण आज फोनवरून करू पाहतो आहोत, असे मला मनापासून वाटते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त तिचे सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येते.

समूहांवर हा खेळ ‘संख्यांची जादू’ म्हणून फिरतो. मी तिसरीत त्याचे तीन अंकी रूप घेते, ज्यात सगळ्या संख्या ४९५ वर येऊन थांबतात. पहिल्या वर्षी मीही तो जादू म्हणूनच घेतला. मुले खूश झाली, दुसऱ्या दिवशी विसरली. दुसऱ्या वर्षी एका समूहावर कुणीतरी चुकून म्हणा किंवा घाईत म्हणा, एका मुलाच्या वहीचे पान टाकले आणि त्या पानावरची वजाबाकी चुकलेली होती. खाली दोन-तीन जणांनी ‘सर, उत्तर तपासा’ असे लिहिले आणि ते पान लगेच काढून टाकण्यात आले. मी ते काढण्यापूर्वी पाहिले होते. त्या पानामुळे मला जे समजले, ते आजवरच्या कोणत्याही प्रशिक्षणात समजले नव्हते.

या खेळातल्या प्रत्येक तीन अंकी वजाबाकीत उत्तराच्या मधोमध ९ आलाच पाहिजे. कारण सोपे आहे. वरच्या आणि खालच्या संख्येत दशकाचा अंक तोच असतो. एककात वरचा अंक लहान असल्याने दशकाकडून हातचा घ्यावा लागतो, म्हणून दशक एकने कमी होतो आणि त्यालाही शतकाकडे जावे लागते. परिणामी दशकाच्या जागी नेहमी नऊ उरतात आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही नेहमी नऊच होते. ७२१ मधून १२७ गेले की ५९४. आता ज्या मुलाला हातचा घेणेच समजलेले नाही, ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आणि ६०६ लिहिते. ज्या मुलाने एककात हातचा घेतला, पण दशकातून एक कमी करायचे राहिले, ते ६०४ लिहिते. दोन्हींत मध्ये शून्य आहे, पण शेवटचा अंक वेगळा आहे, आणि तेवढ्यावरून मला उभ्या उभ्या कळते की पहिल्या मुलाला दांडे आणि सुटे पुन्हा हातात द्यायला हवेत आणि दुसऱ्याला फक्त खोडून लिहिण्याची सवय लावायला हवी. एकोणतीस मुलांच्या वर्गात फिरताना मी फक्त मधला अंक पाहते. मुलांनाही हे ठाऊक झाले आहे आणि ती शेजाऱ्याच्या वहीत डोकावून ‘तुझा नऊ कुठे गेला?’ असे विचारतात. जादू म्हणून आलेला खेळ माझ्या वर्गात निदानाचे साधन झाला, तो एका चुकलेल्या पानामुळे, आणि ते पान समूहावर दहा मिनिटेही टिकले नव्हते.

आपण चुकलेली पाने का टाकत नाही, याचे कारण आपल्या सर्वांना माहीत आहे, पण ते लिहिले जात नाही म्हणून मी लिहिते. अनेक समूहांवर आपल्यासोबत आपले वरिष्ठही सदस्य असतात. उपक्रम झाला याचा पुरावा म्हणून छायाचित्र मागितले जाते आणि तेच छायाचित्र समूहावर ठेवले जाते, त्यामुळे समूह हा नकळत अहवालाची फाइल बनतो. अहवालात कुणी आपले अपयश लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी एका समूहावर मी लिहिले होते की माझ्या तिसरीतल्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, कुणी वेगळा मार्ग वापरला असेल तर सांगावा. तासाभरात मला फोन आला की असा मजकूर समूहावर टाकू नये, शाळेचे नाव खराब होते. फोन करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना माझी काळजीच होती. पण त्या दिवशी मला मदत मिळाली नाही आणि त्यानंतर बरेच महिने मी समूहावर फक्त पूर्ण झालेल्या, नीटनेटक्या गोष्टी टाकत राहिले. माझ्यासारखे कितीतरी जण असतील. निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेरच्या प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. जिथे मुलाला काय येत नाही हे बोलता येत नाही, तिथे ते उद्दिष्ट छायाचित्रांतच पूर्ण होईल, ही माझी खरी भीती आहे.

म्हणून ॲडमिन मंडळींना माझी पहिली विनंती ही आहे की आपल्या समूहाच्या नियमांत ‘फक्त शैक्षणिक पोस्ट टाकाव्यात’ याच्या शेजारी आणखी एक वाक्य लिहावे: फसलेला खेळ आणि चुकलेले उत्तर इथे स्वागतार्ह आहे. ते नुसते लिहून पुरणार नाही. पहिल्या काही वेळा ते ॲडमिनने स्वतः करून दाखवावे लागेल. समूहात असलेल्या केंद्रप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांनाही मी आदराने सुचवते की त्यांनी एखाद्या अशा संदेशाखाली ‘माझ्या वर्गातही असेच होत असे, मी अमुक केले’ असे एकदा तरी लिहावे. त्या एका ओळीने जे मोकळेपण येईल ते दहा परिपत्रकांनी येणार नाही.

दुसरी विनंती खेळासोबत जाणाऱ्या टिपणाची आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा प्रकल्प १९९६ पासून शाळांसाठी गणिताचे खेळ आणि कोडी विनामूल्य देतो. तिथल्या खेळांसोबत शिक्षकांसाठी टिपण असते. खेळ कशासाठी, सुरुवात कशी करावी, मुलांना कोणते प्रश्न विचारावेत, ज्याला जड जाते त्याला आधार कसा द्यावा आणि जो लवकर पुढे जातो त्याला काय द्यावे, हे त्यात सांगितलेले असते. मुलांनी पाठवलेली उत्तरेही त्यांच्या विचारपद्धतीसह प्रसिद्ध होतात. आपल्याला एवढे सविस्तर टिपण रोज जमणार नाही, हे मला कळते. पटनोंदणी, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे यांतून वेळ उरतो किती, हे मी वेगळे सांगायला नको. पण फोनवर बोलून पाठवलेला एक मिनिटाचा आवाजी संदेशही पुरेसा आहे. त्यात खेळ कोणत्या वर्गाला घेतला, कोणता नियम सोडू नये, मुलांनी कोणती चूक केली आणि पुढच्या वेळी आपण काय बदलणार, एवढे आले की झाले. त्यासोबत एका वहीच्या पानाचे छायाचित्र असावे. मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे आपण थांबवायला हवीत. पालकांना न विचारता शेकडो अनोळखी फोनमध्ये मुलांचे चेहरे पाठवणे योग्य नाही, आणि गणिताच्या दृष्टीने चेहऱ्यापेक्षा वही कितीतरी अधिक सांगते.

खेळ तयार करणाऱ्याचे नाव जपण्याविषयीही लिहायला हवे. व्हॉट्सॲपवर संदेश पुढे पाठवला की मूळ पाठवणाऱ्याचे नाव सोबत जात नाही. उरतो तो फक्त फॉरवर्ड केल्याचा बाण. यात श्रेय जाते हे एक, पण त्याहून मोठे नुकसान असे की प्रश्न विचारायला माणूस उरत नाही. घोडा पुसणाऱ्या त्या शिक्षकाला मूळ शिक्षकाचे नाव ठाऊक असते तर त्याने पुसण्यापूर्वी विचारले असते. म्हणून खेळाच्या मजकुरातच, पहिल्या ओळीत, ‘हा खेळ अमुक तालुक्यातील अमुक सरांचा, मी त्यात हा बदल केला’ असे लिहिण्याची रीत पाडावी. पुढचा शिक्षक आपल्या बदलाची ओळ त्याखाली जोडेल. वर्षभरात एका खेळाखाली आठ-दहा वर्गांचे अनुभव जमा झाले, तर त्याची किंमत कोणत्याही विकतच्या संचाहून अधिक असेल.

हे जमा झालेले टिकावे कुठे, हा प्रश्न उरतो. समूहावर आलेली गोष्ट आठवड्याभरात शेकडो संदेशांखाली जाते, आणि नव्याने आलेल्या सदस्याला आधीचे संदेश सहसा दिसतच नाहीत. जूनमध्ये रुजू झालेल्या शिक्षकाला फेब्रुवारीत झालेली अपूर्णांकांवरची उत्तम चर्चा मिळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक समूहाने दोन सदस्यांवर एवढेच काम सोपवावे की महिन्यातून एकदा त्यांनी निवडक टिपणे संबोधानुसार लावून, सर्वांना उघडता येईल अशा एका फोल्डरमध्ये ठेवावीत. दशक-एकक, हातच्याची वजाबाकी, अपूर्णांक, मापन अशा नावांनी ती लावली तर शोधणे सोपे जाईल. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा ॲपवरच्या साहित्याकडे नेतात, हे उपयोगी आहेच. आपण ज्याची जोड देऊ शकतो, ते आपल्या वर्गांतल्या मुलांच्या बोलण्याचे आणि चुकांचे भांडार आहे, आणि ते वरून कुणी तयार करून देऊ शकणार नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला त्यांतला एक खेळ शिक्षकांनी स्वतः बसून खेळावा, असेही मला सुचवावेसे वाटते. फासा हातात घेतल्याशिवाय नियमातली पळवाट लक्षात येत नाही.

माझ्यापासून सुरुवात म्हणून मी या रविवारी ४९५ च्या खेळाचे टिपण माझ्या अकराही समूहांवर ठेवत आहे. त्यासोबत तीन वह्यांची पाने असतील. एका पानावर ६०६ आहे, दुसऱ्यावर ६०४ आहे आणि तिसरे पान मला अजून न सुटलेल्या अडचणीचे आहे. त्या मुलीने ३२२ ही संख्या घेतली. ३२२ वजा २२३ बरोबर ९९ आले, ते तिने बरोबर काढले. पण खेळात पुढे जाण्यासाठी ते ०९९ असे लिहून ९९० मधून वजा करायचे असते. तिने पुढचे शून्य लिहिले नाही, ९९ मधून ९९ वजा केले, शून्य आले आणि ती म्हणाली, ‘बाई, माझा खेळ संपला.’ तिसरीच्या मुलांना आपणच इतके दिवस सांगत आलो आहोत की डावीकडच्या शून्याला किंमत नसते. मग या खेळात ते शून्य का ठेवायचे, हे तिला पटेल असे मला सांगता आलेले नाही. ‘नियम आहे म्हणून’ असे सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली, आणि ते मला आवडलेले नाही. आपल्यापैकी कुणी हे मुलांना समजावले असेल, तर कसे समजावले आणि मुले त्यावर काय म्हणाली, ते कृपया त्या टिपणाखाली लिहावे.

आपली सहकारी,
सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिका